‘जुना’ करार

परवा रात्री अश्दोदहून फोन आला. आमच्या अलिबागच्या शाळेतला वर्गमित्र. घरचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. आठवीत असताना सगळं कुटुंब इस्राएलला गेलं आणि त्याचं मराठी तिथेच, १९७४ सालात, थांबलं. अजूनही "लई भारी" न म्हणता "फर्स्ट क्लास" म्हणतो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्याने विचारलं, सध्या काय वाचतोयस? म्हटलं, रद्दीवाल्याकडे मराठी बायबल मिळालं, तुमचा जुना करार वाचतोय.

"आमचा जुना?" तो म्हणाला, "आणि नवा कुठला रे आमचा?"

हसला आणि सुरमईच्या भावावर आला. मी मात्र अडकलो. इतकी वर्षं हा शब्द मी बिनदिक्कत वापरत होतो. आपल्याकडे करार म्हटला की अकरा महिन्यांचा भाडेकरार डोळ्यांसमोर येतो. नवा झाला की जुन्याची किंमत रद्दीइतकी. मग ज्यांच्याकडे तो एकच करार आहे, त्यांना ‘जुना’ हा शब्द कसा ऐकू येत असेल? आणि तो पहिल्यांदा म्हटला कोणी?

त्यानंतर गेले पंधरा-वीस दिवस हेच वाचतोय. घरच्यांना पुरता कंटाळा आलाय, म्हणून आता तुमच्याकडे मोर्चा.

ज्यू त्यांच्या ग्रंथाला तनाख म्हणतात. तोरा, नवीईम, केतुवीम (धर्मशास्त्र, संदेष्टे, इतर लेखन) या तीन भागांच्या आद्याक्षरांवरून झालेला शब्द. त्यांच्या मोजणीने पुस्तकं २४. प्रॉटेस्टंट बायबलातल्या जुन्या करारात ३९ आहेत, पण मजकूर तोच, फक्त मोजायची पद्धत वेगळी. कॅथलिक बायबलात आणखी काही पुस्तकं आहेत, तो विषय पुन्हा कधीतरी. गंमत आहे ती क्रमात. तनाख साधारणपणे ‘इतिहास’ या पुस्तकावर संपतं. शेवटच्या ओळींत इराणचा राजा कोरेश बंदिवासातल्या लोकांना यरुशलेमला परत जायची मोकळीक देतो. ख्रिस्ती बायबलात ‘इतिहास’ मध्येच कुठेतरी आहे आणि शेवटी येतो मलाखी. तो एलीया संदेष्टा परत येणार असल्याचं सांगून थांबतो. पान उलटलं की मत्तयाचं शुभवर्तमान सुरू, आणि दोन पानांत एलीयासारखा बाप्तिस्मा करणारा योहान हजर! एका अक्षराचा फरक नाही, फक्त शेवटचं प्रकरण बदललं. एका पुस्तकाचा शेवट ‘घरी चला’ असा होतो, दुसऱ्याचा ‘वाट बघा, कोणीतरी येतंय’ असा.

‘जुना करार’ हे नाव पुस्तकांच्या संचाला दिलेलं पहिल्यांदा दिसतं ते साधारण इ.स. १७० मध्ये. आजच्या तुर्कस्तानात सार्दीस नावाचं शहर होतं, तिथला बिशप मेलितो. मूळ पुस्तकं नेमकी किती आणि कोणती हे समजावं म्हणून तो पूर्वेला, जिथे हे सगळं घडलं त्या मुलखात गेला आणि यादी घेऊन आला. मेहनती माणूस. पण याच मेलितोचं वल्हांडण सणावरचं एक प्रवचन विसाव्या शतकात सापडलं. त्यात तो इस्राएलवर थेट देवाच्या हत्येचा आरोप ठेवतो. ज्यांच्या पुस्तकांची यादी करायला एवढा प्रवास केला, त्यांच्यावरच! हे वाचल्यावर थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पण एका माणसावर खापर फोडण्यात अर्थ नाही. ‘नवा करार’ ही कल्पना मुळात यिर्मया या ज्यू संदेष्ट्याची. आणि पहिले ख्रिस्ती हे ज्यूच होते. त्यांच्या हातात दुसरं पुस्तकच नव्हतं. येशूचं जे झालं त्याचा अर्थ ते याच ग्रंथात शोधत होते. भांडण लागलं ते पुढच्या पिढ्यांत. आणि ते कसं लागलं हे बघायला एक शब्द पुरेसा आहे.

तो शब्द यशयाच्या सातव्या अध्यायात आहे. इ.स.पू. ७३४ च्या आसपासची गोष्ट. यहूदाचा राजा आहाज घाबरलेला आहे, कारण दमास्कसचा राजा आणि उत्तरेतल्या इस्राएलचा राजा मिळून यरुशलेमवर चालून येतायत. यशया त्याला धीर देतो. म्हणतो, ही बाई गरोदर आहे, तिला मुलगा होईल, आणि त्या पोराला बरंवाईट कळायला लागायच्या आत हे दोन्ही राजे संपलेले असतील. झालंही तसंच. इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरच्या राजाने दमास्कस घेतलं.

इथे ‘बाई’साठी हिब्रूत शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुण मुलगी. कौमार्य ठळकपणे सांगायचं तर हिब्रूत ‘बतुला’ असा वेगळा शब्द आहे. पुढे अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी आपला ग्रंथ ग्रीकमध्ये आणला, कारण त्यांच्या मुलाबाळांना हिब्रू येईनासं झालं होतं. (ओळखीचं वाटतंय ना? अमेरिकेतल्या भाचरांना मराठी पुस्तकं पाठवणाऱ्यांनी हात वर करा.) यशयाचं भाषांतर येशूच्या सुमारे दीडशे वर्षं आधीचं. तिथे ‘अल्मा’ला शब्द वापरला ‘पार्थेनोस’. याचा नेहमीचा अर्थ कुमारिका. मत्तयाने शुभवर्तमान लिहिलं ग्रीकमध्ये, आणि मरियेच्या पोटी येशूचा जन्म सांगताना हेच वचन ग्रीक भाषांतराच्या वाटेने घेतलं. आहाजच्या काळातलं बाळ सातशे वर्षं ओलांडून बेथलेहेमला पोचलं.

आता ‘भाषांतरकारांनी चूक केली आणि त्यावर धर्म उभा राहिला’ असं म्हणून मोकळं होणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. एक तर भाषांतर करणारे ज्यूच होते, त्यांना ख्रिस्ताचा पत्ताही नव्हता. दुसरं म्हणजे ‘पार्थेनोस’ इतका काटेकोर शब्दही नव्हता. उत्पत्तीच्या पुस्तकात दीनावर बळजबरी होते, आणि त्यानंतरही ग्रीक भाषांतर तिला पार्थेनोसच म्हणतं. आणि मराठीत बघा ना. मराठी बायबलात या जागी ‘कुमारी’ आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘कु.’ लिहितात त्यात लग्न झालेलं नाही एवढंच कळतं, वैद्यकीय प्रमाणपत्र कोणी मागत नाही. शब्द असे मधल्या जागी उभे असतात. त्यांना एका बाजूला ढकलतात ती माणसं.

ढकलाढकली कशी झाली ते जस्टिनच्या पुस्तकात दिसतं. जस्टिन आजच्या नाब्लुसचा, बाप्तिस्मा घेतलेला तत्त्वज्ञ. इ.स. १६० च्या सुमारास त्याने त्रिफो नावाच्या ज्यू माणसाशी झालेला संवाद लिहून काढला. त्रिफो हा रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या युद्धातून (१३२ ते १३५) जीव वाचवून आलेला निर्वासित. त्रिफो म्हणतो, अहो, मूळात तरुणी आहे, कुमारिका नाही, आणि तो मुलगा म्हणजे आहाजचा पोरगा हिज्किया. जस्टिनचं उत्तर असं की तुमच्या गुरूंनी ग्रंथात फेरफार केलाय. पुरावा म्हणून तो एका स्तोत्रातले शब्द दाखवतो. प्रभू ‘लाकडावरून’ राज्य करतो, असं मूळात होतं आणि ज्यूंनी ते गाळलं, असा त्याचा दावा. लाकूड म्हणजे अर्थातच क्रूस. वस्तुस्थिती अशी की ते शब्द हिब्रूत नाहीत, आणि बहुतेक सगळ्या ग्रीक हस्तलिखितांतही नाहीत. कोणातरी ख्रिस्ती माणसानेच ते घातले असावेत. जस्टिन लबाड नव्हता. त्याच्या हातातल्या प्रतीत ते होते, आणि ज्यूंकडच्या प्रतीत नव्हते. संशय यायला तेवढं पुरलं. आणखी एके ठिकाणी तो त्रिफोला सांगतो की हे ग्रंथ आता तुमचे नाहीत, आमचे आहेत, कारण तुम्हाला ते वाचता येतात पण कळत नाहीत. पुढच्या हजार-दीड हजार वर्षांचं भांडण मला तरी या एका वाक्यात दिसतं.

याच सुमारास एका माणसाने सोपा तोडगा काढला होता. मार्कियन, काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा, जहाजांच्या धंद्यातला पैसेवाला. रोमला आला तेव्हा मंडळीला दोन लाख सेस्तर्स देणगी दिली. त्याचं म्हणणं, ज्यूंचा देव वेगळा, कडक, रागीट. येशूचा पिता वेगळा, दयाळू. तेव्हा ज्यूंचा ग्रंथ त्यांना देऊन टाका. आपल्याला लूकचं शुभवर्तमान (तेही कात्री लावून) आणि पौलाची दहा पत्रं बस्स. वरवर उदार वाटतं. पण रोमच्या मंडळीने इ.स. १४४ मध्ये त्याला बाहेर काढलं आणि देणगी परत केली. (देणगी परत! आजच्या कुठल्या संस्थेचं नाव घ्या.) त्यांना एक गोष्ट कळली होती. ‘ख्रिस्त’ हा शब्दच मुळी ‘मशीहा’, म्हणजे अभिषिक्त, या हिब्रू शब्दाचं ग्रीक रूप. ज्यू ग्रंथ काढून घेतला तर येशू ‘कोण’ हे सांगायला शब्दच उरत नाहीत. म्हणजे ग्रंथ सोडताही येईना, आणि ग्रंथाचे मूळ धनी काय म्हणतात ते मान्यही करता येईना.

या कोंडीत सापडलेला मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे जेरोम. हा भयंकर तापट, भांडकुदळ, पण भाषांचा वेडा. इ.स. ३८६ पासून बेथलेहेमात राहून त्याने ठरवलं की लॅटिन बायबल ग्रीकवरून नाही, थेट हिब्रूवरून करायचं. त्यासाठी ज्यू शिक्षक ठेवला, बरानिना नावाचा. तो रात्री यायचा. आपल्याच लोकांनी बघितलं तर काय, ही त्याला भीती. कंदिलाच्या उजेडात शेजारी बसून एकच ओळ वाचणारे हे दोघे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

जेरोमच्या भाषांतराचं स्वागत कसं झालं याचा किस्सा ऑगस्टीनच्या ४०३ सालच्या पत्रात आहे. योना संदेष्टा उन्हात बसलेला असताना देव त्याच्यावर सावली धरायला एक झाड उगवतो. लोकांना पिढ्यान्पिढ्या ऐकून माहीत होतं की तो भोपळ्याचा वेल. जेरोमने केलं आयव्ही. उत्तर आफ्रिकेत, आजच्या त्रिपोलीत, बिशपने हे नवं भाषांतर वाचलं आणि चर्चमध्ये दंगा झाला. बिशपला एकटं पडायची वेळ आली. शेवटी तो गेला कोणाकडे? गावातल्या ज्यूंकडे, मूळात काय आहे विचारायला! त्यांनी सांगितलं, जुनंच बरोबर. जेरोम अर्थातच चिडला. पण उत्तरात त्याने त्या झाडाचं जे वर्णन केलंय (रुंद पानं, स्वतःच्या खोडावर उभं, भराभर वाढणारं) ते वाचून कोणताही मराठी माणूस सांगेल की हा एरंड. आजचे बरेच अभ्यासकही हिब्रूतल्या ‘कीकायोन’चा अर्थ एरंडच लावतात. दोघंही चुकले होते, आणि त्यावर पत्रापत्री. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच असावं!

एवढं हिब्रू शिकूनही ‘अल्मा’ला मात्र जेरोमने कुमारिकाच ठेवलं. भोपळा बदलण्याची हिंमत होती, तो शब्द बदलण्याची नव्हती. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीही केडगावला असाच ध्यास घेतला होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं, पुस्तक निघालं १९२४ मध्ये. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

ऑगस्टीनने मात्र ज्यूंचं स्थान कायमचं ठरवून टाकलं. त्याचं म्हणणं, ज्यूंना मारू नका, ते आपले पुस्तकवाहक आहेत. रोमन श्रीमंतांची मुलं शाळेत जायची तेव्हा मागून दप्तर घेऊन एक गुलाम चालायचा, तसे. पुस्तक त्यांच्या खांद्यावर, शिकणार आपण. या विचाराने ज्यूंचे जीव काही प्रमाणात वाचले हे खरं. पण दप्तर वाहणाऱ्याने मध्येच "मालक, या ओळीचा अर्थ तो नाही" असं म्हटलेलं कोणाला चालतं?

मध्ययुगात चाललं नाहीच. पॅरिसमध्ये १२४० ला तलमूदवर, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथावर, चक्क खटला चालला आणि १२४२ ला चोवीस गाड्या भरून हस्तलिखितं जाळली. १२६३ मध्ये बार्सिलोनात राजासमोर जाहीर वाद झाला. एका बाजूला ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेला पाब्लो, दुसऱ्या बाजूला जिरोनाचे रब्बी मोशे बेन नाहमान. रब्बींनी राजाकडून मोकळं बोलायची परवानगी घेतली आणि खरंच मोकळं बोलले. त्यांच्या स्वतःच्या वृत्तान्तानुसार राजाने खूश होऊन तीनशे नाणी बक्षीस दिली. पण तो वृत्तान्त लिहिल्याबद्दल पाठीमागे असा ससेमिरा लागला की सत्तरी ओलांडलेल्या माणसाने देश सोडला आणि १२६७ मध्ये यरुशलेम गाठलं. वाद जिंकण्याची किंमत.

मधली शतकं गाळतो, वाचवत नाहीत. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहांत यशयाची अख्खी गुंडाळी सापडली, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची. त्यात ‘अल्मा’च आहे. अमेरिकेत १९५२ मध्ये नव्या इंग्रजी बायबलात त्या जागी ‘तरुणी’ छापलं, तर उत्तर कॅरोलायनातल्या एका पाद्र्याने ते पान जाहीरपणे जाळलं. इतक्या शतकांनीही शब्द थंड झाला नव्हता! त्यामानाने कॅथलिक चर्च पुढे गेलं. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही असं जाहीर केलं. २००१ मध्ये चर्चच्या बायबल आयोगाने तर ज्यूंचं स्वतःचं वाचन हेही या ग्रंथाचं एक शक्य वाचन आहे, असं लिहून दिलं. त्रिफोला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

आता अलिबागकडे येतो, कारण इथे सगळं उलटं झालंय, आणि मित्राच्या त्या एका प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर इथेच आहे.

बेने इस्राएल लोकांची आठवण अशी की पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि पुस्तकं समुद्रात गेली. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. (माझी आजी सांगायची, तेल संपलं तर शुक्रवारीच बघायचं.) आठव्या दिवशी सुंता, बिनखवल्याचा मासा वर्ज्य, ‘शमा’ या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द पाठ. सण होते, पण नावं मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट कालवणाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचे. का झाकायचं, ते माहीत नव्हतं. म्हणजे आचार होता, ग्रंथ नव्हता. ऑगस्टीनचा दप्तरवाला, पण दप्तरच हरवलेला!

ते दप्तर त्यांना आणून दिलं ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. अमेरिकन मिशन मुंबईत आलं १८१३ ला, स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ ला. त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुलं होती, शिक्षकही होते. विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीत छापलं, खास या लोकांसाठी. हिशेब सरळ होता. आधी यांना यांचाच ग्रंथ वाचता येऊ दे, मग येशू त्यात आपोआप दिसेल. जस्टिनचाच हिशेब, पण इथे रागाच्या जागी पाटी-पेन्सिल.

लोकांनी पाटी घेतली. मोशे समुद्र ओलांडतो ती गोष्ट मराठीत वाचली, आणि झाकलेल्या भांड्याचा अर्थ लागला. पुढचं पान मात्र उलटलं नाही. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीचे होते त्याहून पक्के ज्यू झाले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांचाही यात मोठा हात. राजपूरकरांसारख्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी छापली, तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकऱ्या करतायत. १८८० च्या सुमारास तर कीर्तनं सुरू झाली, अब्राहामाची, योसेफाची, चक्क आपल्या हरदासी थाटात. आणि केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना मिशनऱ्यांचं हे ऋण मोकळेपणाने मान्य केलं. मला वाटतं, या ग्रंथाच्या लांबलचक भांडणात दोन्ही बाजूंनी एकमेकांना काही दिलं, आणि कोणाचं घर जळलं नाही, अशी जागा फार कमी ठिकाणी सापडेल.

हे सगळं गेल्या शनिवारी, म्हणजे त्यांचा शब्बाथ संपल्यावर, मित्राला फोन करून सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "आमच्या आजोबांकडे मिशनचंच बायबल होतं रे. मराठी. रोज संध्याकाळी वाचायचे, मलाखीपर्यंत. तिथे पोचले की परत पहिल्या पानावर. मागची पानं अजून कोरी करकरीत आहेत."

"फाडून का नाही टाकली?"

"पुस्तक आहे. फाडायचं कशाला?"

ते बायबल आता अश्दोदला त्याच्या कपाटात आहे. फोटो पाठवायला सांगितलाय. आला की इथे टाकतो.